फ्रेश, सेकंड आणि दर्शनी

भिवंडीच्या कामतघरात जन्मलेल्या अथवा पोटापाण्याच्या निमित्ताने येथे येऊन स्थिरावलेल्या मनुष्यास अक्षरओळख असेल वा नसेल, परंतु कापडाची पारख त्यास असतेच असते. अंजूरफाट्याकडून येणारा रस्ता वस्तीत शिरला, की पत्र्याच्या छपरांखालून यंत्रमागांचा जो खडखडाट सुरू होतो, तो वऱ्हाळादेवीच्या तलावाशी आल्यावरही पुरता मागे पडत नाही. आणि या खडखडाटात जो लहानाचा मोठा झाला, मग तो मूळचा आगरी असो, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकराचा नातू असो, की उत्तरेकडून आलेल्या अन्सारी घराण्यातला असो, त्याच्यापुढे कापडाचा तागा टाकल्याबरोबर त्याची मुद्रा गंभीर होते, बोटे आपोआप काठाकडे वळतात, डोळे किंचित बारीक होतात, आणि निर्णय तोंडावाटे बाहेर पडण्यापूर्वी तागा उजेडाकडे धरला जातो. कोठे तार सुटली आहे, कोठे बाण्याची पट्टी पडली आहे, मागावरच्या तेलाचा थेंब कोणत्या घडीत लपून बसला आहे, हे सर्व त्या एका दृष्टिक्षेपात निष्पन्न होते. आणि मालाची रवानगी ज्याच्या त्याच्या योग्यतेनुसार फ्रेश, सेकंड, फेंट अथवा चिंधी या चारांपैकी एका खात्यात होते. या निवाड्यावर अपील सहसा चालत नाही.

या व्यवस्थेतील स्पृहणीय गोष्ट ही, की सेकंड मालास येथे कसलीही अप्रतिष्ठा नाही. त्याला भाव आहे, त्याला गिऱ्हाईक आहे, आणि त्याच्यावर पोसलेले व्यापारी आपल्या धंद्याचे नाव सांगताना आवाज खाली आणीत नाहीत. अप्रतिष्ठा आहे ती सेकंड माल फ्रेशच्या घडीत दडवून पाठविणाऱ्याला. असा तागा मुंबईच्या पेढीवरून परत येतो, हिशेबातून रक्कम वजा होते, आणि सदरहू इसमाची कीर्ती धामणकर नाक्यापर्यंत पसरण्यास कोणत्याही वर्तमानपत्राचे साहाय्य लागत नाही. चिंधीदेखील येथे चिंधी म्हणूनच, किलोच्या भावाने, ताठ मानेने विकली जाते.

असे असता, हाच जाणता पुरुष दसरा-दिवाळीच्या सुमारास शीतकपाट अथवा दूरदर्शन संच खरेदी करण्याच्या इराद्याने विद्युत उपकरणांच्या दुकानाची पायरी चढतो, तेव्हा आपली पारख तो चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो की काय, अशी शंका यावी इतका त्याच्यात पालट होतो. काचेचे दार आपोआप उघडते, आतील गारवा अंगावर येतो, गळ्यात पट्टा अडकवलेला एक विनयशील तरुण ‘या काका’ म्हणून पुढे होतो, आणि ज्या मनुष्याने त्याच दिवशी सकाळी एका डागापायी अख्खा तागा बाजूला टाकला, तो सायंकाळी तरुण दाखवील ती वस्तू, दाखवील त्या बाजूने पाहतो. मागची बाजू दाखवा, असे म्हणण्याचे त्याला सुचत नाही. कापड उलटून पाहिल्यावाचून जो घेत नाही, तो फ्रिज उलटून पाहण्याचा विचारही मनात आणीत नाही. अर्थात फ्रिज उलटणे हे कापड उलटण्याइतके सुकर नसते, ही गोष्ट मी नाकारीत नाही.

आता दुकानात जो माल दर्शनार्थ मांडलेला असतो, त्याची दिनचर्या ज्यांनी निरखली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. फ्रिजांच्या रांगेतील बहुसंख्य फ्रिज निर्वीज, निष्क्रिय आणि विरक्त अवस्थेत उभे असतात. मात्र गल्ल्याच्या समीप असलेला एक चालू असतो. त्यात शेठजींच्या पाण्याच्या बाटल्या, नोकरांचे डबे, दुपारच्या ताकाचा तांब्या आणि प्रसंगी शेठाणीबाईंनी मंडईतून आणून तात्पुरती ठेवलेली भाजी असा जामानिमा असतो, आणि दिवसाकाठी त्याचे दार जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा ते कोणत्याही गृहस्थाच्या घरी महिन्यात उघडत नसेल. दूरदर्शन संचांची स्थिती याहून कठीण. दुकान उघडल्यापासून मिटेपर्यंत ते अहोरात्र म्हणता येईल इतका काळ त्याच त्या धबधब्याचे, पोपटाचे आणि चिरलेल्या कलिंगडाचे चित्र ओकत असतात, तेही दुकानासाठी म्हणून मुद्दाम ठेवलेल्या डेमो मोडमध्ये, की ज्यात पडद्याचे तेज परमावधीला चढवलेले असते. सोफ्यावर माल उतरविणारे हमाल विसावतात. गाद्यांवर ‘एकदा आडवे होऊन पाहा’ या आग्रहाला बळी पडून अर्धी भिवंडी आडवी होऊन गेलेली असते. छताला टांगलेल्या पंख्यांविषयी काय सांगावे? गिऱ्हाईक असो वा नसो, ते फिरतच असतात. त्यांची पाती काळवंडली म्हणजे पुसली जातात, आणि पुसली गेली म्हणजे ती नवी होतात.

यांतील एकाही वस्तूच्या विक्रीस माझा विरोध नाही, आणि कायद्याचाही नाही. दुकानदाराने दर्शनी माल आयुष्यभर दर्शनीच ठेवावा व शेवटी त्याचे विसर्जन करावे, अशी अपेक्षा कोणताही समंजस मनुष्य करणार नाही. प्रश्न इतकाच, की हंगाम संपता संपता, गोदामातील खोकी सरल्यावर, तो माल पुसूनपासून, पारदर्शक पिशवीत गुंडाळून, कडांना चिकटपट्टी मारून ‘शेवटचा पीस’ या नावाने जेव्हा विक्रीस निघतो, तेव्हा त्याच्या पूर्वायुष्याचा उल्लेख कोणी करतो काय.

आमच्या शेजारी एका कारखान्यात हिशेब सांभाळणारे मेहताजी राहतात. कन्येच्या घरी फ्रिज पाठवायचा म्हणून ते एका दुकानात गेले. दुकानाचे नाव सांगणे येथे अप्रस्तुत आहे, कारण ते त्या दिवशी त्या दुकानात घडले, उद्या दुसऱ्यात घडेल. हवा असलेला रंग एकाच नगात शिल्लक होता. तरुणाने ग्वाही दिली, ‘काका, एकदम नवा पीस आहे. कालच उतरलाय.’ मेहताजी सामान्यतः मितभाषी. परंतु त्या दिवशी वीज गेल्यामुळे कारखाना बंद होता व त्यांच्यापाशी वेळ विपुल होता. त्यांनी चष्मा सारखा केला, दाराच्या कडेवरून बोट फिरविले, आणि काठ तपासावा तसे ते फ्रिज तपासू लागले. दारावर गोंदाचा एक चौकोन आढळला, ज्या ठिकाणी पूर्वी सवलतीची जाहिरात चिकटविलेली असावी. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारांकित चिठ्ठीवर तिच्या वैधतेचा कालावधी छापलेला असतो. तो वाचता असे दिसून आले, की चिठ्ठीची मुदत मागील सालीच संपुष्टात आलेली आहे. पाठीमागच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना व वर्ष होते. त्यांचाही ‘काल’शी कोणताच मेळ बसेना. शेवटी त्यांनी भाजीचा खण ओढला. त्यात कोथिंबिरीची एक वाळलेली काडी होती.

‘ही?’ मेहताजींनी विचारले.

तरुणाने काडीकडे पाहिले, मेहताजींकडे पाहिले, आणि क्षणभर विचार करून म्हणाला, ‘कंपनीकडूनच आली असेल, काका.’

हे उत्तर ऐकून मला त्या तरुणाविषयी आदरच वाटला. पगारदार मनुष्याने आपल्या धन्याच्या बाजूने याहून अधिक निष्ठेने काय बोलावे? पुढे शेठजी स्वतः उठून आले, त्यांनी काडी खिशात टाकून पुरावा नष्ट केला, आणि वादाला तात्त्विक वळण दिले. ‘मेहताजी, डिस्प्लेचा म्हणजे वापरलेला नव्हे हो. नुसता चालू होता.’

‘नुसता चालू होता’ या प्रतिपादनाचा विचार आमच्या विधिमंडळांनी आधीच करून ठेवला आहे, हे शेठजींना ठाऊक नसावे. मालविक्रीचा १९३० सालचा जो कायदा अद्यापि अमलात आहे, त्यात नमुना दाखवून केलेल्या विक्रीसंबंधी असे फर्माविले आहे, की दिलेला माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे आणि तो नमुन्याशी ताडून पाहण्याची वाजवी संधी गिऱ्हाइकास मिळाली पाहिजे. दर्शनी माल विकणाऱ्या दुकानदाराइतके या अटीचे तंतोतंत पालन आजवर कोणीच केले नसेल. कारण तेथे नमुना तोच माल आणि माल तोच नमुना, तेव्हा दोहोंत तफावत निघण्याची भीतीच नाही! परंतु त्याच कायद्याने वर्णनाचीही अट घातली आहे: ज्या वर्णनाने माल विकला, ते वर्णन मालाला लागू पडले पाहिजे, आणि नमुना जुळला तरी वर्णनाची अट त्याने माफ होत नाही. ‘नवा’ हे वर्णन. येथे शेठजींचा पाय अडतो.

त्यानंतर १९८४ साली मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन अनुचित व्यापारी प्रथांची एक यादी त्यात दाखल झाली. ती १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उचलली. आणि २० जुलै २०२० पासून ज्याचा अंमल सुरू झाला त्या २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या कलमातील सत्तेचाळिसाव्या उपकलमात ती आजही नांदत आहे. पुन्हा जुळणी केलेला, वापरलेला, नूतनीकरण केलेला, दुरुस्त करून सज्ज केलेला अथवा जुना माल हा नवा असल्याचे खोटे भासविणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे ती सांगते. एवढी सगळी विशेषणे ओळीने लिहिताना त्या मसुदाकाराच्या डोळ्यांपुढे नक्की किती दुकाने तरळली असतील, याची कल्पना करण्यात मी एक संपूर्ण दुपार आनंदात घालविली आहे. बिल न देणे हीदेखील त्याच यादीतील प्रथा; आणि सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, अथवा मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील. दुकानांच्या भिंतींवर लक्ष्मीच्या तसबिरीखाली ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी जी पाटी असते, तिचा अधिकार कित्येकांना लक्ष्मीच्या खालोखाल वाटतो. वस्तुतः सदोष मालाच्या बाबतीत पाटीला संसदेचा कायदा फिरविण्याचे सामर्थ्य नाही.

जुने नवे म्हणून विकण्याचा हा प्रकार फ्रिजापाशी थांबत नाही. गोव्यातील एका गृहस्थांनी २०११ सालचे मॉडेल म्हणून मोटारीचे पैसे भरले. हाती आली ती २००९ साली तयार झालेली मोटार, जिचा तळ गंजलेला, अंगावर ओरखडे, आणि जिच्या अंतरमापकात ६२२ किलोमीटरची नोंद. एवढ्या अंतरात पणजीहून निघालेली मोटार मुंबई ओलांडून आमच्या कामतघरास येऊन, तलावाकाठी देवीचे दर्शन घेऊन उभी राहू शकते. म्हणजे नव्या मोटारीने मालकाची गाठ पडण्यापूर्वीच त्याच्या वाटचे पुण्य पदरी पाडून घेतले म्हणावयाचे! तो वाद जिल्हा मंचाकडून राज्य आयोगाकडे, तेथून राष्ट्रीय आयोगाकडे असे टप्पे घेत घेत सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या न्यायालयाने उत्पादक टाटा मोटर्सला दायित्वातून मोकळे केले, कारण कंपनी आणि विक्रेता यांचे नाते धनी व मुनिमाचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते, आणि विक्रेत्याने कोणती मोटार कोणत्या वर्णनाने कोणाच्या गळ्यात घातली, याची वार्ता कंपनीस असल्याचे सिद्ध झालेले नव्हते. तेव्हा ‘कंपनीकडूनच आली असेल’ ही सबब यापुढे फार दूर जाणारी नाही. कोथिंबिरीची काडी कोणाच्या मंडईतली, हे ज्याच्या दुकानात ती सापडली त्यानेच सांगावे लागेल.

महाराष्ट्राने या विषयात पूर्वीच पुढाकार घेतला होता, याचे स्मरण करून देणे अस्थानी होणार नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली; पुढील वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके यांनी मन घातले. ज्यांच्या चालींवर अवघ्या महाराष्ट्राने मान डोलावली, ते गृहस्थ तूरडाळीच्या भावाचा विचार करीत बसले आहेत, हे चित्र मला त्यांच्या कोणत्याही मैफिलीइतकेच प्रिय आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करून महिन्याचा माल एकत्र घ्यावा, म्हणजे दुकानदाराच्या मर्जीवर राहणे नको, ही त्या पंचायतीची साधी कल्पना. आणि ग्राहकासाठी स्वतंत्र कायदा होण्याच्या कितीतरी आधी ती येथे व्यवहारात उतरली होती.

आता कोणी विचारील, की कायदा आहे तर मेहताजींनी फिर्याद का गुदरली नाही? फिर्याद गुदरणे पूर्वीइतके बिकट राहिलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. पाच लाखांपर्यंतच्या मालास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, दावा दोन वर्षांच्या आत केला म्हणजे झाले, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे नुसते तोंडी गाऱ्हाणेही मांडता येते. नव्या कायद्याने आणखी एक उदार सवलत दिली: ग्राहक जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे त्याला तक्रार करता येते. पुण्याच्या दुकानातून घेतलेल्या मालाची तक्रार कामतघरच्या मनुष्याने घरबसल्या जिल्ह्यात करावी, असा त्यातील सद्धेतू. परंतु आमचा जिल्हा ठाणे, आयोग ठाण्यास, आणि भिवंडी व ठाणे यांच्या दरम्यान कशेळीचा पूल. त्या पुलावर सकाळी अडकलेल्या मनुष्यास तारखेची चिंता लागत नाही, महिन्याची लागते. तक्रार संगणकावरून दाखल करण्याची सोय शासनाने केली, तेव्हा ज्याच्या मनात ती कल्पना प्रथम आली त्याने कशेळीचा पूल स्वतः पाहिलेला असावा, अशी माझी धारणा आहे.

शिवाय आमच्या गावाच्या स्थितीत एक मौज आहे, ती बाहेरच्यास लक्षात येणार नाही. माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांच्या शिवारांत, जेथे एके काळी भाताची खाचरे होती, तेथे आज नजर पोहोचेल तिथवर गोदामे आहेत, आणि दूरदेशीच्या लोकांनी मोबाइलवर बोट टेकवून मागविलेला माल तेथूनच रवाना होतो. जो रवाना होतो, तो परतही येतो. कोणाला रंग आवडला नाही, कोणाला आकार बसला नाही, कोणी लग्नापुरता सूट घालून मापाचे कारण देऊन परत केला. या परतलेल्या मालाचे पुढे काय होते, ही गोष्ट गोदामाच्या भिंतीआडची. त्यातला काही ‘ओपन बॉक्स’ अथवा ‘रिफर्बिश्ड’ असा उघड शिक्का मारून कमी दराने पुन्हा विक्रीस येतो. हा शिक्का पाहून अलीकडील तरुण मंडळी एखादी विलायती युक्ती निघाल्याप्रमाणे हरखून जातात. कामतघरच्या कोणत्याही घडी करणाऱ्या कामगाराने त्यांना सांगितले असते, की यात नवे काहीच नाही. याला आम्ही सेकंड म्हणतो, आणि आमच्या आजोबांच्या वेळेपासून त्याचा दर वेगळा लावतो.

मेहताजींनी नेमका हाच मार्ग पत्करला. त्यांनी कलमाचा उच्चार केला नाही की आवाज चढविला नाही. खुर्ची ओढून घेऊन ते बसले, आणि शेठजींशी कापडाच्या भाषेत बोलू लागले. ‘शेठ, माल सेकंड आहे. सेकंड म्हणून द्या, सेकंडचा भाव लावा. आम्ही घेतो.’ शेठजींनी प्रथम दुखावल्याचा अभिनय केला, मग चहा मागविला, मग दिवाळीची सवलत या नावाखाली तीच रक्कम कमी करण्याची तयारी दर्शविली. मेहताजींना सवलत नको होती. सवलत ही दात्याची कृपा असते. त्यांना हवी होती ती मालाची खरी प्रत आणि तिचा खरा दर, आणि तोही लेखी. हमीची मुदत बिलाच्या तारखेपासून पूर्ण चालेल, अनुक्रमांक खोक्यावरचा नव्हे तर फ्रिजावरचा लिहिला जाईल, आणि वर्णनाच्या रकान्यात ‘दर्शनी नग’ असे स्वच्छ अक्षरांत नमूद होईल, या अटींवर तह झाला. शेठजींनी बिल लिहिताना दोनदा लेखणी थांबविली. मला वाटते, त्या बिलपुस्तकात इतके खरे वाक्य त्यापूर्वी कधी उतरले नसावे. तरुणाने गल्ल्याशेजारच्या त्या फ्रिजातल्या बाटल्या काढून दुसऱ्यात नेऊन ठेवल्या. तो दुसरा फ्रिज अर्थातच त्या क्षणापर्यंत नवा होता.

फ्रिज यथाकाल कन्येच्या घरी पोहोचला. बिल मेहताजींच्या कपाटात जपून ठेवलेले आहे व ते त्यांनी मला अभिमानाने दाखविले आहे. मात्र कन्येच्या सासरी सत्यनारायणाच्या निमित्ताने आमचे जाणे झाले, तेव्हा विहीणबाई जमलेल्या मंडळींना फ्रिजाचे दार उघडून दाखवीत होत्या, आणि ‘अगदी कोरा करकरीत, खोकं आमच्यासमोर फोडलं’ असे सांगत होत्या. मेहताजी शेजारीच उभे होते. त्यांनी प्रसादाच्या वाटीत दृष्टी रोवली. जुना माल नवा म्हणून भासविण्याचा हा प्रकार पंचांसमक्ष घडत असतानाही मी स्वस्थ राहिलो, कारण कायद्याच्या दृष्टीने ग्राहक तोच, जो मोबदला देऊन माल घेतो, आणि पाहुण्यांनी फ्रिज घेतला नव्हता, नुसता पाहिला होता. त्यांच्यापैकी काहीजणांनी पेढ्यांचे पुडे आणले होते, हे मात्र खरे. ते मोबदल्यात मोडतात किंवा कसे, याविषयी सत्तेचाळिसावे उपकलम मी दोनदा वाचून पाहिले, त्यात खुलासा नाही.